पडायला खरी जमीन हवी

हॉलिवूडला जाणारा प्रवासी बहुधा सिमेंटमध्ये उमटवलेले नटनट्यांचे हातपाय पाहतो, फूटपाथवर जडवलेल्या ताऱ्यांमधून आवडीचे नाव शोधतो, फोटो काढतो आणि परततो. बस्टर कीटनच्या नावाचे दोन तारे त्या फूटपाथवर आहेत. पण मूकपटांच्या काळातला हा विनोदी नट आणि दिग्दर्शक समजून घ्यायला ते फारसे कामाचे नाहीत. त्यासाठी कॅन्ससमधले एक खेडे, मिशिगनमधली तळ्याकाठची वाळू, कॅलिफोर्नियातल्या दोन नद्या आणि ओरेगनमधली एक, अशी वाट धरावी लागते. कीटनची कहाणी सहसा ठरावीक क्रमाने सांगितली जाते: बालपण रंगमंचावर, विशीत सिनेमा, तिशीच्या आसपास कीर्तीचे शिखर, मग बोलपट आला, दारू आली, संसार मोडला, जग विसरले आणि म्हातारपणी पुन्हा आठवले. यातला एकही तपशील खोटा नाही. कारण मात्र चुकीच्या ठिकाणी शोधले जाते. त्याने जिथे काम केले ती ठिकाणे ओळीने पाहत गेले तर वेगळेच काही ध्यानात येते. कोणत्या जमिनीवर, कोणत्या वजनाच्या वस्तूखाली आणि कशासाठी पडायचे हे ठरवण्याचा हक्क जोवर कीटनकडे होता, तोवर त्याचा विनोद जिवंत राहिला. तो हक्क गेला आणि विनोदही गेला. बोलपट आणि दारू या त्यानंतरच्या गोष्टी.

वाट सुरू होते ती कॅन्ससमधल्या पिक्वा या गावी. जेमतेम शंभरएक वस्तीचे, सपाट शेतजमिनीतले आणि रेल्वेमार्गावरचे हे गाव. 4 ऑक्टोबर 1895 रोजी कीटन इथे जन्मला, तो केवळ आईबापांचा मुक्काम त्या दिवशी इथे होता म्हणून. जो आणि मायरा कीटन गावोगाव फिरून औषधे विकणाऱ्या एका तमाशाच्या तांड्यात काम करत. गाणी-नकला करून गर्दी जमवायची आणि मग बाटल्या खपवायच्या, असा तो धंदा. गावाच्या पाणीपुरवठा कार्यालयाच्या इमारतीत आज कीटनचे छोटेसे संग्रहालय आहे. तिथे पाहण्यासारखे फार नाही. पण ज्याला जन्मगावसुद्धा प्रवासातच मिळाले त्याचे घर म्हणजे रेल्वेचा डबा आणि रंगमंच, हे इथे आल्यावर सहज पटते. लहानपणी एका वादळाने आपल्याला खिडकीतून उचलून रस्त्यावर नेऊन ठेवले, असे कीटन पुढे सांगत असे. ही हकिकत कितपत खरी हे सांगणे कठीण आहे, कारण बाप-लेक दोघेही गोष्ट रंगवण्यात पटाईत. रंगमंचावरच्या ‘थ्री कीटन्स’ या खेळाची नोंद मात्र पक्की आहे. पोराच्या कोटाला पाठीवर सूटकेसची मूठ शिवलेली असे आणि बाप त्या मुठीला धरून त्याला पडद्यावर, विंगेत, कधी वाद्यवृंदाच्या खड्ड्याकडे भिरकावत असे. बालसंरक्षणाचे काम करणाऱ्या संस्थेने न्यूयॉर्कमध्ये या खेळावर वारंवार हरकत घेतली. पडताना आपण हसलो तर लोक हसत नाहीत, हे त्या मुलाला तिथेच उमगले. पुढे जगप्रसिद्ध झालेला त्याचा निर्विकार चेहरा हा असा लहानपणीच्या कामातून घडला आहे.

मिशिगन राज्यात, मस्कीगन शहराच्या कडेला, मिशिगन सरोवर आणि मस्कीगन तळे यांच्या मधल्या पट्टीवर ब्लफ्टन नावाची वस्ती आहे. 1908 च्या सुमारास जो कीटन आणि त्याच्या व्यवसायबंधूंनी इथे नटांची वसाहत उभारली. त्या काळी उन्हाळ्यात नाट्यगृहे उकाड्यामुळे बंद असत, तेव्हा ही मंडळी इथे येऊन राहत. कीटन आयुष्यभर ज्या उन्हाळ्यांविषयी प्रेमाने बोलत राहिला ते इथले. मासेमारी आणि बेसबॉल यांखेरीज त्याचा तिसरा उद्योग म्हणजे यंत्रे जुळवणे. शेजारच्या एका आळशी नटाचे शौचकूप रस्त्याने जाणारे लोक परस्पर वापरत. कीटनने त्याच्या चारही भिंतींना बिजागऱ्या बसवल्या आणि दूरवरून दोरी ओढली की भिंती चारी बाजूंना उघड्या पडाव्यात अशी सोय करून दिली. पोरवयातली खोडी म्हणून ही गोष्ट सोडून देता येईल. पण पुढच्या वीस वर्षांत त्याने भिंती पाडून किती हशा वसूल केला हे पाहिले, की तिचे महत्त्व कळते. या माणसाचा विनोद संवादातून किंवा हावभावातून सुचत नव्हता. बिजागरी कुठे बसवायची, वजन कुठे पडेल, माणूस कुठे उभा असेल, या हिशेबातून तो निघत होता. गेली अनेक वर्षे कीटनप्रेमींचे वार्षिक संमेलन मस्कीगनलाच भरते. ज्या मातीत त्याची बुद्धी घडली तिची निवड त्यांनी नेमकी केली आहे.

1917 मध्ये न्यूयॉर्कला रॉस्को आर्बकल या तेव्हाच्या लोकप्रिय विनोदी नटाने त्याला स्टुडिओत बोलावले आणि ‘द बुचर बॉय’ या छोट्या चित्रपटात घेतले. तिथे कीटनला सर्वांत जास्त भुरळ पडली ती कॅमेऱ्याची. त्याने तो घरी नेऊन खोलून पाहिला, असे तो स्वतः सांगत असे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आल्यावर, 1920 मध्ये निर्माता जोसेफ शेंकने त्याला लॉस एंजलीसमध्ये स्वतंत्र पथक दिले आणि चॅप्लिनने पूर्वी वापरलेला, लिलियन वेवरचा एक लहान स्टुडिओ दिला. स्टुडिओ आता नाही. पण हॉलिवूड बुलेवारच्या दक्षिणेला, कहुएंगा बुलेवारवरून आत जाणारी एक अरुंद गल्ली अजून आहे. ‘द किड’मध्ये चॅप्लिन, ‘कॉप्स’मध्ये कीटन आणि ‘सेफ्टी लास्ट’मध्ये हॅरल्ड लॉइड असे तिघे थोड्याथोडक्या काळाच्या अंतराने याच गल्लीत वावरले. जॉन बेंगट्सन या अभ्यासकाने जुन्या चौकटी आजच्या रस्त्यांशी ताडून पाहत असे कितीतरी पत्ते शोधले, आणि आता ती गल्ली या तिघांच्या नावाने ओळखली जाते. ‘कॉप्स’मध्ये एकटा कीटन पुढे आणि शहराचे अख्खे पोलीस दल मागे. हा पाठलाग हसवतो, कारण रस्ता खरा आहे, त्याची रुंदी खरी आहे आणि पळायला वाव किती हे प्रेक्षकाला दिसते. त्याआधीच्या ‘वन वीक’मध्ये नवविवाहित जोडप्याचे चुकीचे जोडलेले घर वादळात गरगर फिरते. ते घर खरोखर बांधून फिरत्या चाकावर बसवले होते. छोट्या प्रतिकृतीने काम भागले असते, पण दाराला लटकलेल्या माणसाचे वजन तिच्यात आले नसते.

सॅन फ्रान्सिस्कोहून पूर्वेकडे जाणारा महामार्ग सिएरा नेवाडा पर्वत चढून ट्रकी या गावाशी येतो. चॅप्लिनने ‘द गोल्ड रश’चे बर्फातले काही प्रसंग याच परिसरात चित्रित केले, त्याआधी 1923 मध्ये कीटन ‘अवर हॉस्पिटॅलिटी’साठी इथे आला होता. ट्रकी नदीच्या वेगवान पाण्यात त्याला धरून ठेवणारी तार तुटली आणि तो खरोखर वाहत गेला. कॅमेरा चालूच होता आणि तो तुकडा चित्रपटात राहिला. पुढच्या वर्षी ‘द नॅव्हिगेटर’साठी त्याने ‘ब्यूफर्ड’ हे खरे जहाज वापरले आणि पाण्याखालचे प्रसंग लेक टाहोच्या तळाशी घेतले, कारण कॅमेऱ्याला आरपार दिसेल इतके नितळ पाणी तिथे होते. ते इतके गार होते की थोड्या थोड्या वेळाने वर यावे लागे. इथे एक हरकत घेता येईल आणि ती वाजवी आहे. ‘अवर हॉस्पिटॅलिटी’चा कळसाचा प्रसंग, दोरीला लोंबकळत धबधब्याच्या तोंडावरून नायिकेला झेलण्याचा, ट्रकीला घेतलेलाच नाही, तो धबधबा हॉलिवूडमध्ये बांधला होता. ‘शेरलॉक ज्युनियर’मध्ये झोपलेला प्रोजेक्टर-चालक स्वप्नात पडद्यात शिरतो, तीही स्टुडिओतलीच करामत. मग खऱ्या जागेचा एवढा आग्रह कशासाठी? उत्तर असे की आग्रह उघड्या आभाळाचा कधीच नव्हता. बांधलेल्या धबधब्यातले पाणी खरे होते, उंची खरी होती, लोंबकळणारा माणूस खरा होता आणि कुठे काय बांधायचे हे त्याने स्वतः ठरवले होते. ‘शेरलॉक ज्युनियर’मध्येच पाण्याच्या टाकीच्या नळातून पडलेल्या लोंढ्याने त्याची मान रुळावर आपटली. मानेचे हाड मोडले होते हे अनेक वर्षांनी एक्स-रेमध्ये कळले.

या वाटेवर सर्वांत जास्त वेळ द्यावा असे ठिकाण म्हणजे ओरेगनमधले कॉटेज ग्रोव्ह. यूजीन शहराच्या दक्षिणेला सुमारे तीस किलोमीटरवर, लाकूडतोडीवर वाढलेले हे गाव आहे. अमेरिकन यादवी युद्धात, एप्रिल 1862 मध्ये, उत्तरेच्या हेरांनी दक्षिणेचे ‘जनरल’ हे इंजिन पळवले आणि दक्षिणेच्या माणसांनी त्याचा पाठलाग केला. या सत्यघटनेवर कीटनला चित्रपट करायचा होता, आणि शक्यतो मूळ इंजिन घेऊन मूळ प्रदेशात. पण आपल्या इंजिनावर विनोदी चित्रपट निघणार हे कळल्यावर दक्षिणेतल्या रेल्वे कंपनीने नकार दिला. मग लाकूडवाहतुकीचे रूळ, जुनी वाफेची इंजिने, डोंगर आणि नदी हे सगळे एकत्र असलेले ठिकाण म्हणून कॉटेज ग्रोव्ह निवडले गेले. 1926 च्या उन्हाळ्यात पथक इथे उतरले. इंजिने जुन्या रूपात सजवली, रुळांकाठी गाव उभारले, ओरेगन नॅशनल गार्डचे जवान दोन्ही बाजूंचे सैनिक झाले. लाकडावर चालणाऱ्या इंजिनांच्या ठिणग्यांनी रानाला आगी लागल्या, धुरामुळे चित्रीकरण थांबवून पथकाला परतावे लागले आणि हवा निवळल्यावर पुन्हा यावे लागले. 23 जुलै रोजी राऊ नदीवर बांधलेल्या जळत्या पुलावरून खरे इंजिन खाली कोसळवले गेले. त्या एका दृश्याला 42,000 डॉलर लागले असे सांगतात. दुसऱ्यांदा घेण्याची सोयच नव्हती. हजारो लोक काठावर पाहायला जमले होते. पडलेले इंजिन दुसऱ्या महायुद्धात भंगारात जाईपर्यंत नदीतच होते.

आता तो रेल्वेमार्ग उखडला आहे आणि त्याच्या जागी राऊ रिव्हर ट्रेल ही सुमारे पंचवीस किलोमीटरची पायी किंवा सायकलने जाण्याची वाट कॉटेज ग्रोव्हपासून कल्प क्रीकपर्यंत जाते. वाटेत जुने छप्पर असलेले लाकडी पूल लागतात आणि डोरीना धरणाचे पाणी लागते, जे कीटनच्या वेळी नव्हते. गावातल्या एका जुन्या हॉटेलच्या भिंतीवर कीटन आणि इंजिन यांचे मोठे चित्र आहे. पण इथे पाहायचे ते वळण. ‘द जनरल’मधला सर्वांत प्रसिद्ध विनोद तोफेचा आहे: इंजिनामागे जोडलेली तोफ हादऱ्याने खाली झुकते आणि थेट नायकावरच रोखली जाते, तेवढ्यात गाडी वळण घेते आणि गोळा सरळ पुढे, शत्रूच्या गाडीजवळ जाऊन फुटतो. या विनोदाचा लेखक अर्धा कीटन आणि अर्धे ते वळण आहे. तसाच दुसरा प्रसंग: प्रेमभंगाने खचलेला नायक इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो, इंजिन सुरू होते आणि दांड्याबरोबर तो वरखाली होत शेडमध्ये जातो, स्वतःच्याही लक्षात न येता. चाके जागच्या जागी गरकन फिरली असती तर तो वाचला नसता, आणि इंजिनचालकाने हे आधीच बजावले होते. दुःखी माणूस आणि बेफिकीर यंत्र यांची ही जोडी नुसत्या अभिनयाने साधत नाही. त्यासाठी काही टनांचे खरे इंजिन लागते.

कोणी म्हणेल, याच हट्टाने त्याचा घात केला. आकडे या म्हणण्याच्या बाजूने आहेत. ‘द जनरल’वर सुमारे साडेसात लाख डॉलर खर्च झाले आणि अमेरिकेत पावणेपाच लाखांच्या आसपासच परत आले. समीक्षकांनाही तो आवडला नाही. यादवी युद्धातल्या मरणाची थट्टा काहींना रुचली नाही. पैसा घालणाऱ्याने लगाम आवळला तर त्याचे काय चुकले? व्यवहाराच्या दृष्टीने फारसे काही चुकले नाही, हे मान्य करायला हवे. पण लगामाने नेमके काय वाचले आणि काय गेले याचाही हिशेब मांडला पाहिजे. हाच चित्रपट 1989 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत निवडलेल्या पहिल्या पंचवीस चित्रपटांत होता. त्या हंगामात ज्यांनी त्याच्याहून कितीतरी जास्त गल्ला जमवला, अशा पुष्कळ चित्रपटांची आज नावेही कुणाला आठवत नाहीत. खर्च जास्त झाला हा दोष असेल, तर तो हिशेबवहीचा दोष आहे. त्यावरून कामाची पद्धत चुकीची ठरत नाही.

लगाम कसा लागतो याचा नमुना सॅक्रामेंटोला दिसतो. कॅलिफोर्नियाच्या राजधानीसमोर, नदीच्या पश्चिम काठावर 1927 मध्ये ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’साठी अख्खे नदीकाठचे गाव उभारले होते. त्याची आज खूण नाही, पण पलीकडच्या जुन्या सॅक्रामेंटोत धक्का, लाकडी फूटपाथ आणि उत्तम रेल्वे संग्रहालय आहे; तिथे उभे राहून पाण्याचा विस्तार पाहिला की जागेची निवड पटते. शेवट महापुराचा ठरला होता. त्याच वर्षी मिसिसिपी नदीला भयंकर पूर आला, तेव्हा पुरावर लोक हसणार नाहीत असे वरून सांगण्यात आले आणि तयार सेट मोडून वादळाचा प्रसंग बसवावा लागला. पण अजून जमीन कीटनच्या पायाखाली होती. विमानाच्या इंजिनांवर चालणारे प्रचंड पंखे लावून त्याने वादळ उभे केले आणि घराची दर्शनी भिंत, सुमारे दोन टनांची, आपल्या अंगावर पाडून घेतली. वरच्या मजल्याची उघडी खिडकी बरोबर त्याच्याभोवती येते आणि तो उभाच राहतो. दोन्ही बाजूंना काही इंचांचीच मोकळीक होती. ही कल्पना त्याने आर्बकलबरोबरच्या ‘बॅक स्टेज’मध्ये हलक्या पडद्यावर आणि मग ‘वन वीक’मध्ये जास्त मोठ्या भिंतीवर वापरून पाहिली होती. एकाच कल्पनेचे वजन आठ-नऊ वर्षांत असे वाढत गेले, आणि त्या वजनाबरोबर तिचा अर्थही वाढला.

1928 मध्ये शेंकने त्याचा करार एमजीएम या बड्या स्टुडिओकडे सोपवला. चॅप्लिन आणि लॉइड यांनी जाऊ नकोस म्हटले होते. आयुष्यातली सर्वांत मोठी चूक, असे कीटन स्वतः पुढे म्हणत असे. कल्व्हर सिटीतले ते आवार आज सोनी पिक्चर्सचे आहे आणि तिथे सहलीही निघतात. उंच भिंतीआडची ती बंदिस्त कारखानदारी पाहिली की फरक कळायला व्याख्यान लागत नाही. इथे पटकथा आधी लिहिली जाई, मंजूर होई, तिचा खर्च ठरे, आणि विनोद कागदावर पक्का झाल्यावर नटाला बोलावले जाई. पहिला ‘द कॅमेरामन’ उत्तम उतरला, ही माझ्या म्हणण्याविरुद्धची सर्वांत बळकट साक्ष. पण त्या वेळी तो भांडून पटकथा बाजूला सारू शकला होता. पुढे ते जमेना. बोलपटाने त्याला संपवले म्हणावे, तर ‘स्पाइट मॅरेज’ बोलपट करू या असा आग्रह त्याचाच होता आणि स्टुडिओने तो मानला नाही. रंगमंचावर वाढलेल्या माणसाला आवाजाची भीती नव्हतीच. उलट त्याचे एमजीएममधले बोलपट मूकपटांहून चांगले चालले, म्हणजे प्रेक्षकांनीही त्याला टाकले नव्हते. दारूचे म्हणावे, तर ती हाताबाहेर गेली ती याच वर्षांत. 1932 मध्ये घटस्फोट झाला आणि 1933 मध्ये स्टुडिओने काढून टाकले. पुढे दारू आटोक्यात आल्यावर त्याने कोलंबिया स्टुडिओसाठी 1939 ते 1941 मध्ये दहा छोटे विनोदी चित्रपट केले. शुद्धीवर असलेला, अनुभवी कीटन त्यांत आहे. वेळ, पैसा आणि ठरवण्याचा हक्क नाही. ते चित्रपट आज फक्त अभ्यासकच पाहतात. दारूच मूळ कारण असती, तर ती सुटल्यावर विनोद परतायला हवा होता.

तो परतला, पण जमीन मिळाल्यावर. समीक्षक जेम्स एजीच्या 1949 च्या लेखाने लोकांना त्याची आठवण करून दिली, जुन्या प्रती सापडू लागल्या, 1960 मध्ये मानद ऑस्कर मिळाले. मान हा मान असतो, त्याने काम होत नाही. काम मिळाले ते कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाकडून. ‘द रेलरॉडर’ या छोट्या चित्रपटात म्हातारा नायक रुळांवरच्या एका लहानशा मोटर-ट्रॉलीवर बसून अटलांटिक किनाऱ्यापासून पॅसिफिकपर्यंत कॅनडा पार करतो. चित्रीकरणाच्या वेळी कीटन एकोणसत्तर वर्षांचा होता. उंच पुलावरून ट्रॉली जात असताना मोठा नकाशा अंगावर उडून आपण त्यात पुरते गुंडाळलो जावे, असे त्याला हवे होते. दिग्दर्शक जेराल्ड पॉटरटनला ते धोक्याचे वाटले. दोघांचा वाद चित्रीकरणावरच्या माहितीपटात नोंदला गेला आहे. शेवटी कीटनचे ऐकले गेले आणि ते दृश्य चित्रपटातल्या सर्वोत्तम दृश्यांपैकी एक ठरले. 1 फेब्रुवारी 1966 रोजी तो वारला.

कॅलिफोर्नियात मुलांकडे राहायला जाणाऱ्या मराठी आईवडिलांची संख्या आता थोडी नाही. सॅक्रामेंटो आणि ट्रकी ही दोन्ही ठिकाणे सॅन फ्रान्सिस्कोहून एकाच महामार्गावर येतात. कॉटेज ग्रोव्हसाठी उत्तरेला ओरेगनमध्ये जावे लागते आणि मे ते सप्टेंबर हा काळ त्याला बरा. जाण्याआधी ‘अवर हॉस्पिटॅलिटी’, ‘द जनरल’ आणि ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ हे तीन चित्रपट या क्रमाने पाहून घ्यावेत. तिन्हींचाही अमेरिकेतला स्वामित्वहक्क संपला आहे आणि ते सहज मिळतात. स्टुडिओच्या सहलीसाठी राखलेला दिवस राऊ नदीकाठी घालवावा. कीटनचे उत्तम काम जिथे झाले ती जागा ती आहे.